सहायक प्राध्यापकाच्या अर्जात तासिका, कंत्राटी आणि परदेशी पोस्टडॉकचा अनुभव किती धरतात? आणि रुजू झाल्यावर परदेश दौऱ्याचं काय?

नवी_नस्ती यांचा प्रश्न

राज्यातल्या एका अकृषी विद्यापीठाच्या विज्ञान विभागात सहायक प्राध्यापकाचं अनुदानित, पूर्णवेळ पद जाहीर झालंय असं धरा. उमेदवाराची कागदावरची पार्श्वभूमी अशी:

बी.एस्सी. ७१ टक्के, एम.एस्सी. ६६ टक्के. नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) आहे, जेआरएफ (त्याच परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती) नाही. पीएच.डी.ची अधिसूचना (पदवी मिळाल्याचं विद्यापीठाचं अधिकृत पत्र) फेब्रुवारी २०२१ ची. पीएच.डी. चालू असताना २०१७ ते २०२० अशी तीन शैक्षणिक वर्षं एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर, काम. जुलै २०२१ ते जून २०२३ पूर्ण २४ महिने दुसऱ्या महाविद्यालयात कंत्राटी सहायक प्राध्यापक, एकत्रित वेतन दरमहा ४५,००० रुपये, निवड समितीमार्फत. मग सप्टेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ जर्मनीत १८ महिने पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन). मान्यताप्राप्त नियतकालिकांत चार शोधनिबंध.

प्रश्न तीन. छाननीत यातलं काय धरलं जाईल आणि किती गुण होतील? पुढे कॅसला (सेवेतल्या शिक्षकांच्या पदोन्नतीची योजना) यातलं काय उपयोगी पडेल? आणि जर्मनीतल्या कागदांना अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणूनचा आंतरराष्ट्रीय शिक्का) लागतं का? चौकशी केली की प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून नियमाच्या आधाराने उत्तर हवंय.

छाननी_टेबल

सगळे वेगळं सांगतात त्याचं कारण, दोन निराळे हिशेब एकात मिसळले जातात. एक छाननीचे गुण, म्हणजे मुलाखतीला बोलावण्यासाठीची यादी. दुसरा ‘पूर्वसेवा धरणे’. हा सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीत आणि कॅसमध्ये खरा लागतो. सहायक प्राध्यापकासाठी किमान अनुभवाची अटच नाही, त्यामुळे अनुभव धरला नाही म्हणून अर्ज बाद होत नाही. गुण कमी होतात, एवढंच.

छाननीचा आधार म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) १८ जुलै २०१८ च्या नियमावलीतला तक्ता ३-अ. तो विद्यापीठांसाठी आहे. महाविद्यालयांसाठी ३-ब आहे आणि त्यातलं वजन वेगळं आहे. दोन्हीकडे एकच हिशेब लावणं ही नेहमीची चूक.

तुमच्या उमेदवाराचे ३-अ प्रमाणे: पदवीला ६० ते ८० च्या पट्ट्यात १३ गुण (८० च्या वर असते तर १५). पदव्युत्तरला त्याच पट्ट्यात २३. पीएच.डी.चे सरसकट ३०. एम.फिल. असती तरी एम.फिल. आणि पीएच.डी. मिळून ३० च्या वर जात नाही. नेटचे ५, जेआरएफ असती तर ७, नुसती सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) असती तर ३. बेरीज ७१. चार निबंधांचे प्रत्येकी दोनप्रमाणे ८, आणि इथे कमाल १० आहे. झाले ७९.

आता अनुभव. वर्षाला २ गुण, कमाल १०. पोस्टडॉक तक्त्यातच अध्यापनाच्या बरोबरीने लिहिलेला आहे, म्हणून १८ महिन्यांचे ३ मिळायला हवेत. कंत्राटी २४ महिने धरले तर ४. तासिकेची तीन वर्षं धरली तर ६, पण एकूण १३ होतात आणि कमाल १० ची आहे. म्हणजे चित्र असं:

फक्त पोस्टडॉक धरला: ८२.
पोस्टडॉक आणि कंत्राटी: ८६.
सगळंच धरलं: ८९.

तासिकेच्या तीन वर्षांसाठी जो कागदांचा आटापिटा चालतो तो फार तर ३ गुणांसाठी. पाचवा निबंध छापून आला तर २ गुण बिनबोभाट मिळतात. कशामागे वेळ घालवायचा ते ठरवा.

हेच ३-ब मध्ये मांडलं तर १९ अधिक २३ अधिक २५ अधिक ८, म्हणजे ७५. निबंधांना तिथे कमाल ६ च आहेत, त्यामुळे चौथा निबंध वाया. पीएच.डी.चं वजन ३० वरून २५ वर येतं आणि नेटचं ५ वरून ८ वर जातं. पीएच.डी. नसलेला, पण पदवीला भक्कम टक्के आणि जेआरएफ असलेला उमेदवार महाविद्यालयाच्या यादीत वर दिसतो आणि विद्यापीठाच्या यादीत खाली जातो, तो यामुळे.

नियमावलीत हे गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते आहेत. राज्याच्या शासन निर्णयानुसार जाहिरातीत निवडीची वेगळी पद्धत दिली असेल तर ती लागू. जाहिरातीसोबतचं परिशिष्ट न वाचता कोणाच्याही हिशेबावर, माझ्याही, विसंबू नका.

आता पूर्वसेवा. हा नियमावलीतला कलम १० चा भाग. आधीचं पद यूजीसीच्या किमान अर्हतेचं हवं, समकक्ष वेतनश्रेणीचं हवं, विहित निवड प्रक्रियेने भरलेलं हवं. संस्था खासगी की सरकारी हा भेद करायचा नाही, हे स्पष्ट लिहिलंय. अतिथी व्याख्याता म्हणून केलेलं काम कितीही काळाचं असो, धरायचं नाही, हेही तितकंच स्पष्ट आहे. तासिका तत्त्व त्याच खणात पडतं. महाविद्यालयाने ‘सहायक प्राध्यापक (तासिका तत्त्वावर)’ असं पदनाम छापून दिलं तरी फरक पडत नाही.

तात्पुरती, कंत्राटी, तदर्थ सेवा मात्र धरता येते. तीन अटी: अर्हता कमी नको, रीतसर निवड समितीची शिफारस हवी, आणि एकूण मासिक वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नको. तुमचा उमेदवार पहिल्या दोन अटींत बसतो आणि तिसरीत अडकतो. नियमित पदाचं, शैक्षणिक स्तर १० चं, सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७००. केंद्राच्या दराने १ जुलै २०२२ चा महागाई भत्ता ३८ टक्के, म्हणजे २१,९२६. घरभाडं सोडूनच ७९,६२६ होतात. त्यापुढे ४५,००० कुठे टिकणार? कॅसला ही दोन वर्षं मिळणार नाहीत असं धरूनच चाला.

छाननीत ती मिळतील का? इथे खरंच मतभेद आहेत. काही छाननी समित्या कलम १० चीच फूटपट्टी इथे लावतात. काही ठिकाणी विद्यापीठाची मान्यता असलेली पूर्णवेळ कंत्राटी सेवा छाननीपुरती धरतात. जाहिरातीत ‘अनुभव’ची व्याख्या नसेल तर अर्जात लिहा, कागद जोडा, वेतनाचा आकडा लपवू नका.

पोस्टडॉकचं उलटं आहे. छाननीत चालतो, कॅसला अडतो. पाठ्यवृत्ती म्हणजे पद नव्हे, त्यामुळे ‘समकक्ष पदावरची नियमित सेवा’ म्हणून ती दाखवणं अवघड.

जावक_क्रमांक

छाननी_टेबल यांच्या शेवटच्या मुद्द्यात एक बारकावा आहे. जर्मनीत पोस्टडॉक दोन तऱ्हेचे असतात. एक नोकरीच्या करारावर, बहुतेक वेळा सार्वजनिक सेवेच्या वेतन करारातल्या ‘टीव्ही-एल ई-१३’ या श्रेणीत. कर आणि सामाजिक विमा कापून पगार हातात येतो. दुसरा नुसत्या शिष्यवृत्तीवर, जिथे नोकरीचं नातंच नसतं. पहिल्या प्रकारात नोकरीचा करार, दर महिन्याची पगारपत्रकं आणि वर्षअखेरचं कर-प्रमाणपत्र असतं. समकक्षतेचा मुद्दा पुढे कधी मांडायचाच झाला तर हे तीन कागद लागतील. शिष्यवृत्तीवाल्याकडे फक्त मंजुरीपत्र असतं. कॅसचं सोडा, छाननीतसुद्धा ‘पूर्णवेळ होतात का’ असं विचारतात, म्हणून यजमान प्राध्यापकाकडून पूर्णवेळ असल्याचा स्पष्ट उल्लेख घ्या.

करारावर असाल तर नोकरी सोडताना ‘आर्बाइट्सझॉयग्निस’ मागा, म्हणजे लेखी सेवा प्रमाणपत्र. तिथल्या कायद्याने तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, उपकार नाही. साधं प्रमाणपत्र कामाचं स्वरूप आणि कालावधी सांगतं. सविस्तर प्रमाणपत्रात कामगिरीही येते. इंग्रजीत मिळालं तर उत्तम, नाहीतर शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्यावं लागतं. आणि तारखा पूर्ण लिहून घ्या: दिवस, महिना, वर्ष. ‘सप्टेंबर २०२३ पासून’ एवढंच असेल तर १ तारीख की १५ तारीख यावर छाननीचा कारकून अडतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

अपोस्टिलबद्दल. भारत अपोस्टिल करारात २००५ पासून आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे. त्यामुळे या दोन देशांमध्ये अपोस्टिल चालत नाही. जर्मनीतला कागद भारतासाठी प्रमाणित करायचा तर तिथल्या यंत्रणेचा शिक्का आणि मग तिथल्याच भारतीय दूतावासाचं किंवा वाणिज्य दूतावासाचं प्रमाणीकरण, असा रस्ता आहे. तो कागद मुंबईत किंवा दिल्लीत नेऊन परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का मागणं निरर्थक. भारताचा अपोस्टिल भारतात दिलेल्या कागदांवरच बसतो. ‘करून देतो’ म्हणणारे एजंट भेटतात. ते फार तर नोटरीच्या प्रतीवर शिक्का आणून देतात, आणि मूळ कागद होता तिथेच राहतो.

आणखी एक अडचण. विद्यापीठाचं पत्र हा सार्वजनिक दस्तऐवज समजला जातो. जर्मनीतल्या कित्येक नामांकित संशोधन संस्था मात्र नोंदणीकृत संघ आहेत. माक्स प्लांक सोसायटीसुद्धा कायद्याने संघच. त्यांचं पत्र खासगी दस्तऐवजात मोडतं, म्हणून आधी तिथल्या नोटरीकडे जावं लागतं. हे तिथे असतानाच उरकलं तर उरकलं. परत आल्यावर टपालाने महिनोन्‌महिने जातात.

व्यवहारात सांगायचं तर अनुभवाच्या पत्रासाठी एवढं क्वचितच मागतात. बहुतेक विद्यापीठं पत्रावरच्या ईमेलवर थेट पडताळणी करतात. म्हणून पत्रावर गटप्रमुखाच्या वैयक्तिक पत्त्यापेक्षा संस्थेच्या मनुष्यबळ विभागाचा ईमेल असावा. गटप्रमुख संस्था बदलतात, आणि त्यांचा जुना पत्ता बंद पडतो. पदवी परदेशी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे समकक्षता प्रमाणपत्र लागतं. पोस्टडॉक ही पदवी नाही, तिला समकक्षता नसते. तरीही काही ऑनलाइन अर्जांत तो रकाना लाल चौकटीत येतो. तिथे ‘लागू नाही’ लिहा.

आता देशी अनुभव प्रमाणपत्रं. चांगल्या प्रमाणपत्रात इतकं असतं: पदनाम आणि विषय; नियुक्ती आदेशाचा क्रमांक आणि तारीख; निवड समितीच्या बैठकीची तारीख; विद्यापीठ मान्यतेचं पत्र, क्रमांकासह; पूर्णवेळ की अर्धवेळ; वेतनश्रेणी किंवा एकूण मासिक वेतन; पासून-पर्यंत; मधली बिनपगारी रजा. खाली सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या नोंदवहीतला). जावक क्रमांक नसलेलं प्रमाणपत्र कितीही गोड भाषेत असलं तरी पडताळणीत ‘अभिलेख आढळत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. वेतनाचा पुरावा म्हणून फॉर्म १६ आणि बँकेचा उतारा जोडा, कारण काही प्रमाणपत्रांत कागदावरचं वेतन एक आणि खात्यात जमा झालेलं दुसरंच असतं.

कंत्राटी सेवेत अजून एक खोच असते. आदेश अकरा महिन्यांचे आणि मध्ये दोन-चार दिवसांचा खंड. ‘पूर्ण २४ महिने’ म्हणताय तर सगळे आदेश शेजारी ठेवून तारखा जुळतात का बघा. प्रमाणपत्रात सलग लिहिलंय आणि आदेशांत खंड आहे, अशी विसंगती निघाली तर शंका दोन दिवसांवर थांबत नाही, सगळ्या प्रमाणपत्रावर येते.

अधिसूचना

थोडक्यात भर.

पीएच.डी.चा कालावधी अनुभव म्हणून धरत नाहीत (कलम ३.११). रजा न घेता, अध्यापन करत करत पीएच.डी. केली असेल तर ती सेवा धरतात, पण ती मुळात सेवा असायला हवी. या उमेदवाराची तासिकेची वर्षं नेमकी पीएच.डी.च्या काळातली आहेत, त्यामुळे ती दोन्हीकडून मार खातात.

पीएच.डी.ची तारीख म्हणजे अधिसूचनेची तारीख. मौखिकी (पीएच.डी.ची तोंडी परीक्षा) आणि अधिसूचना यांच्यात काही महिने जातात. मौखिकी उरकून लगेच पोस्टडॉकला गेलेल्यांचे तेवढे महिने छाननीत उडतात. इथे तो प्रश्न नाही, अधिसूचना फेब्रुवारी २०२१ ची आणि पोस्टडॉक २०२३ चा.

‘पाच अटींचं प्रमाणपत्र’ इथे लागत नाही. ११ जुलै २००९ पूर्वी पीएच.डी.ला नोंदणी झालेल्यांना नेटमधून सूट हवी असेल तर ते लागतं: नियमित पद्धतीने पदवी, किमान दोन बाह्य परीक्षक, खुली मौखिकी, दोन निबंध, परिषदांत दोन सादरीकरणं. नेट हातात असताना त्यामागे धावायचं कारण नाही.

आणि १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान अर्हता आहे, पीएच.डी. ऐच्छिक. विद्यापीठातल्या पदाला पीएच.डी. सक्तीची करायची जुनी तरतूद त्या तारखेला गेली. जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट अजून फिरतात म्हणून सांगितलं.

टक्क्यांऐवजी श्रेणीगुण असतील तर रूपांतराचं सूत्र परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठाचंच हवं, त्यांच्या पत्रासह. स्वतः दहाने गुणून टाकलेला आकडा नाकारला जातो.

नाव. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, जर्मन पत्रावर वडिलांचं नाव गायब, निबंधांवर नुसती आद्याक्षरं. चारही एकाच व्यक्तीचे हे दाखवणारं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत.

नवी_नस्ती

आभार. ८२ ते ८९ हा पट्टा बघून चित्र स्पष्ट झालं. आता पुढचं. हाच उमेदवार निवडला जाऊन जूनमध्ये रुजू झाला असं धरा. त्याच सप्टेंबरमध्ये, ९ ते १२ तारखांना, युरोपात परिषद आहे, निबंध स्वीकारलेला आहे. आणि पुढच्या वर्षी १ मे ते ३१ जुलै जर्मनीतल्या जुन्या गटात पाहुणा संशोधक म्हणून पाठ्यवृत्ती. परिविक्षा काळात (नोकरी कायम होण्याआधीच्या चाचणीच्या काळात) हे जमतं का? कोणती रजा?

मुख्यालय_सोडून

परिषद जमते. पाठ्यवृत्ती जमवावी लागते.

आधी कोणती रजा लागू नाही ते बघू. अध्ययन रजेला किमान तीन वर्षांची सलग सेवा लागते. सबॅटिकल (संशोधनासाठीची दीर्घ रजा) सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं झाल्यावर. नव्या सहायक प्राध्यापकाच्या हातात उरते कर्तव्य रजा: एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत, परिषद, चर्चासत्र, निमंत्रित व्याख्यान वगैरेंसाठी. परिविक्षा आहे म्हणून ती नाकारलीच पाहिजे असं नियमावली म्हणत नाही. मंजूर करायची की नाही हा विद्यापीठाचा अधिकार.

सप्टेंबरच्या परिषदेचा प्रस्ताव रुजू झाल्या-झाल्या, जूनअखेर टेबलावर हवा. सोबत स्वीकृतिपत्र, निबंधाचा सारांश, कार्यक्रमपत्रिका, खर्चाचा तपशील (कोण किती देणार), त्या आठवड्यातल्या तासांची पर्यायी व्यवस्था आणि ज्यांनी तास घ्यायचं कबूल केलं त्यांची सही. ही शेवटची सही नसली की फाईल विभागप्रमुखाकडून वर सरकत नाही.

तारखांची चूक जवळजवळ प्रत्येक फाईलमध्ये दिसते. परिषद ९ ते १२, म्हणून अर्जदार ९ ते १२ ची रजा मागतो. विमान ८ तारखेच्या रात्री दीड वाजता मुंबईहून सुटतं. म्हणजे ७ तारखेलाच मुख्यालय (नेमणुकीचं ठिकाण) सोडावं लागणार. परतीला १३ ला निघून १४ ला पोचणार. आदेशात मात्र ९ ते १२ च आहे. मग ७, ८, १३ आणि १४ या चार दिवसांचं काय? लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो, आणि त्याआधी व्हिसाचा अधिकारी ठेवतो, कारण विमानाच्या तारखा आणि रजेच्या पत्रातल्या तारखा जुळत नाहीत. अर्जातच लिहा: ‘प्रवासासह ७ ते १४ सप्टेंबर, कर्तव्य रजा, मुख्यालय सोडण्याच्या परवानगीसह’.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालणारा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत ताणता येतो. म्हणून जुलैअखेर अर्ज आत गेला पाहिजे आणि रजेचा आदेश त्याआधी हातात पाहिजे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध.

पैसे. केंद्राच्या निधीतून, म्हणजे एखाद्या संशोधन प्रकल्पातून, तिकीट काढणार असाल तर अर्थ मंत्रालयाचे २०२२ चे आदेश बघा. तिकीट तीनपैकी एका अधिकृत एजन्सीकडून: बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. प्रवासाच्या २१ दिवस आधी काढावं अशी अपेक्षा, आणि ७२ तासांच्या आतलं तिकीट असेल तर कारण लेखी. स्वस्त दिसलं म्हणून भलत्याच संकेतस्थळावरून काढलेलं तिकीट प्रतिपूर्तीत अडकतं. एअर इंडियानेच जायचं हा जुना नियम मात्र गेला. कंपनी जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली, तरी काही कार्यालयांत तो अजून विचारतात. प्रवासभत्त्याचं देयक परतल्यावर ६० दिवसांत द्यायचं. बोर्डिंग पास सांभाळा. मोबाईलमधला पास विमान सुटल्यावर ॲपमधून नाहीसा होतो, वेळेत छापून ठेवा. नोंदणी शुल्क स्वतःच्या कार्डावर भरलं असेल तर रुपयांत किती कापले गेले ते दाखवणारा कार्डाचा उतारा जोडा.

राहण्या-जेवणाचा किंवा प्रवासाचा खर्च परदेशी यजमान करणार असेल तर परदेशी आदरातिथ्याचा मुद्दा येतो. परदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० च्या कलम ६ प्रमाणे सरकारी कर्मचाऱ्यांना आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांना केंद्राची पूर्वपरवानगी लागते; ऑनलाइन अर्ज, नमुना एफसी-२. तुमचं विद्यापीठ यात स्वतःला धरतं का, ते कुलसचिव कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी ‘गरज नाही’ पुढे कोणाला आठवत नाही.

आता पाठ्यवृत्ती, १ मे ते ३१ जुलै. मोजा: ३१ अधिक ३० अधिक ३१, म्हणजे ९२ दिवस. शेंगेनच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि येण्याचा व जाण्याचा दोन्ही दिवस मोजले जातात. ‘तीन महिने’ लिहिलेल्या निमंत्रणाने इथेच घोळ होतो. यजमानाला २९ जुलैपर्यंतचं पत्र द्यायला सांगा, बरोबर ९० दिवस होतात. त्यातही आधीच्या १८० दिवसांत युरोपात दुसरी फेरी झालेली नको. सप्टेंबरची परिषद त्या खिडकीबाहेर आहे, ती अडणार नाही. ९२ दिवसच हवे असतील तर राष्ट्रीय व्हिसा काढावा लागेल. त्याचे कागद वेगळे आणि वेळही जास्त.

रजा: ३० दिवसांची कर्तव्य रजा उन्हाळी सुट्टीला, अर्जित रजेला किंवा असाधारण (बिनपगारी) रजेला जोडता येते. परिषदेचे आठ दिवस वापरले असतील तर त्या शैक्षणिक वर्षातले २२ उरले. शैक्षणिक वर्ष कोणत्या तारखेला बदलतं ते विद्यापीठाच्या परिपत्रकात बघा, कारण पाठ्यवृत्ती दोन वर्षांवर पसरते आणि तुम्हाला ते सोयीचं आहे. बाकीचे दिवस सुट्टीत बसवा. एक लक्षात ठेवा: नेहमीच्या खर्चापेक्षा जास्त रक्कम पाठ्यवृत्ती म्हणून मिळणार असेल तर कर्तव्य रजा कमी वेतनावर मंजूर करण्याची तरतूद आहे. रक्कम अर्जात स्पष्ट लिहा. नंतर कळली तर वसुली निघते.

छाननी_टेबल

वरच्या उत्तराशी सहमत, फक्त एका ठिकाणी ब्रेक लावतो. पाठ्यवृत्तीचे दिवस सुट्टी संपून जुलैमध्ये जातात तेव्हा नवं सत्र सुरू झालेलं असतं, आणि परिविक्षेचं वर्ष जूनमध्ये पुरं होत असतं. उमेदवार नेमका स्थायीकरणाच्या वेळी देशाबाहेर. परिविक्षा एक वर्षाची, फार तर आणखी एक वर्ष वाढवता येते, आणि ती पुरी झाल्यावर ४५ दिवसांत स्थायीकरणाचा आदेश काढणं बंधनकारक आहे. मधे असाधारण रजा पडली तर परिविक्षा तितकी पुढे जाऊ शकते. म्हणून असाधारण रजेचा एकही दिवस येणार नाही असं बसवा. बसत नसेल तर पाठ्यवृत्ती एक वर्ष पुढे ढकलायची विनंती करा. यजमान गट ओळखीचा आहे, तारीख बदलून मिळणं अवघड नसावं.

आणि स्वमूल्यमापनाचा अहवाल जाण्याआधी भरून, विभागप्रमुखाची पोच घेऊन जा.

सेवापुस्तक

रुजू होतानाचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

आधीची नोकरी अनुदानित किंवा शासकीय पदावरची असेल तर अर्ज योग्य मार्गाने, ना हरकत प्रमाणपत्रासह. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नका. ‘अमुक आदेशानुसार अमुक पदावर रुजू होण्यासाठी’ असं लिहा, आदेशाचा क्रमांक टाका, आणि कार्यमुक्ती आदेशातही तेच शब्द येतील असं बघा. पुढे सेवा जोडायची वेळ आली की सगळे तेवढ्या एका वाक्याकडे बोट दाखवतात. तुमच्या उमेदवाराच्या आधीच्या नोकऱ्या कंत्राटी आणि परदेशी आहेत, त्यामुळे हे त्याला लागू नाही. धागा वाचणाऱ्या इतरांना होईल.

राष्ट्रीय पेन्शन योजनेचा प्राण क्रमांक (कायमस्वरूपी निवृत्ती खात्याचा) आधीच असेल तर तोच पुढे चालवायचा. रुजू होताना भरायच्या फॉर्ममध्ये ‘नवीन’वर खूण केली की दोन खाती होतात आणि ती एक करायला वर्ष जातं. शेवटचं वेतन प्रमाणपत्र आधीच्या कार्यालयाकडून मागवायला नव्या कार्यालयाचं पत्र लागतं. ते पहिल्याच आठवड्यात काढायला लावा, नाहीतर वेतननिश्चिती अडते.

रुजू अहवालावर तारखेसोबत मध्यान्हपूर्व की मध्यान्होत्तर हे लिहिलंय का, तेवढं सही करण्याआधी पाहा. आधीच्या ठिकाणाहून शुक्रवारी मध्यान्होत्तर कार्यमुक्त आणि इथे सोमवारी मध्यान्हपूर्व रुजू, असं असेल तर मधल्या शनिवार-रविवारचा उल्लेख नव्या आदेशात करून घ्या.